लॅपटॉप सुरू व्हायला सात मिनिटं आणि रिकव्हरी डिस्क तिसऱ्या डीव्हीडीवर अडकते. आधी काय करू?

सेक्रेटरी_नेरुळ | रविवार, १० ऑगस्ट २०२५, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी,

मी नेरुळला राहतो, वय ६३. आमच्या सोसायटीचा नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. सिडकोची जुनी इमारत, ६४ सदनिका. सोसायटीचं सगळं दप्तर एकाच लॅपटॉपवर आहे आणि तो आता दिवसागणिक मंदावत चाललाय.

लॅपटॉप २०१३ च्या दिवाळीत घेतला. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, डीव्हीडी रायटर. येताना विंडोज ८ होतं, मग ८.१ केलं आणि जुलै २०१६ मध्ये, फुकट अपग्रेडची मुदत संपत आली तेव्हा, विंडोज १० केलं. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती. गेल्या वर्षी बटण दाबून चहा ठेवला की चहाला उकळी येईपर्यंत काम सुरू करता यायचं. या जूनपासून मात्र फार हळू झालाय. काल घड्याळ लावून बघितलं. पडदा दिसायला दीड मिनिट, आणि त्यानंतर एक्सेलची फाइल उघडेपर्यंत आणखी साडेपाच मिनिटं. मधेच सगळं थिजतं, माउसचं गोल चक्र फिरत राहतं आणि डाव्या हाताखाली बारीक टक् टक् आवाज येतो. आवाज कदाचित पंख्याचा असेल.

मी काय काय केलं ते सांगतो. टेम्पररी फाइल्स काढल्या, जुने फोटो काढले, डिफ्रॅग केलं. दीड तास डिफ्रॅग चालू होतं, फरक काहीच नाही. कमिटीतले सगळे म्हणतात, फॉरमॅट करून टाका. स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं, तर ते म्हणाले, ८०० रुपयांत फॉरमॅट करून देतो, डेटा गेला तर जबाबदारी तुमची. हे ऐकून मी लॅपटॉप परत घरी आणला.

लॅपटॉप नवा असल्यापासून कंपनीचा एक प्रोग्राम 'रिकव्हरी डिस्क बनवून ठेवा' असं सांगत होता. ते कधी केलं नव्हतं, म्हणून म्हटलं आता करू आणि मग फॉरमॅट करू. कपाटात २०१२ च्या सुमाराला आणलेलं कोऱ्या डीव्हीडींचं खोकं होतं. प्रोग्राम म्हणाला ४ डीव्हीडी लागतील. पहिल्या दोन नीट झाल्या. तिसरी ३८ टक्क्यांवर थांबली, एरर आली. दुसरी कोरी घातली, तीही ३८ वर थांबली. वर तोच प्रोग्राम सांगतो की असा संच एकदाच बनवता येईल. त्यामुळे पुढे हात लावायची भीती वाटते.

यावर आहे काय ते सांगतो, म्हणजे माझी काळजी कळेल. आय फॉर्मची आणि जे फॉर्मची (सभासदांची) नोंदवही, ६४ शेअर सर्टिफिकेटांचे स्कॅन, नॉमिनेशनचे फॉर्म, २००९ पासूनची इतिवृत्तं, मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, सिंकिंग फंडाचा हिशोब. शेवटचा बॅकअप मार्चमध्ये ऑडिटरसाठी पेनड्राइव्हवर घेतला होता, तोही फक्त हिशोबाचा. ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यावीच लागते. आम्ही २१ सप्टेंबर धरली आहे आणि १४ दिवसांची नोटीस द्यायची तर सहा तारखेच्या आत सगळं छापून हातात हवं. मधे गणपती आहेत.

माझे प्रश्न: लॅपटॉप इतका हळू का झाला? रिकव्हरी डिस्क पूर्ण कशी करू? आणि त्या डिस्कमध्ये सोसायटीच्या फाइल्स येतात ना?

---

ऐरोली_डिप्लोमा | रविवार, सकाळी ९.१५

काका, नमस्कार. मी कॉम्प्युटर डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरचा लॅपटॉप असाच झाला होता.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'स्टार्टअप' टॅबवर जा. लॅपटॉप सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं त्याची यादी तिथे असते आणि शेवटच्या रकान्यात 'हाय', 'मीडियम', 'लो' लिहिलेलं असतं. हाय म्हणजे त्या प्रोग्रामने सुरू होताना प्रोसेसरचा एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं. जे लागत नाही त्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्राम जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो.

नेमका वेळ कुठे जातो तेही विंडोज लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, मग ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल. तिथे १०० क्रमांकाची नोंद शोधा. बूट ड्युरेशन मिलिसेकंदांत असतो, म्हणजे १००० ने भागलं की सेकंद. तपशिलात 'मेन पाथ' म्हणजे डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ आणि 'पोस्ट बूट' म्हणजे त्यानंतर सगळं शांत होईपर्यंतचा. मोजायच्या आधी शट डाउन नको, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज स्वतःचा एक भाग डिस्कवर साठवून ठेवतं, त्यामुळे आकडा खरा येत नाही.

आणि एकदा चेक डिस्क (डिस्कमधले दोष शोधणारा विंडोजचा प्रोग्राम) पूर्ण चालवा, आर स्विच लावून. रात्री लावून झोपा.

---

नौपाडा_रिपेअर | रविवार, सकाळी ११.०५

सेक्रेटरी साहेब, चेक डिस्क चालवू नका. आत्ता लॅपटॉप बंद असेल तर बंदच राहू द्या आणि हे आधी वाचा.

मी ठाण्यात नौपाड्यात १७ वर्षं लॅपटॉप दुरुस्ती करते. तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी वाचून काळजी वाटली. एक, टक् टक् आवाज. डाव्या हाताखाली बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते आणि पंखा अशी टकटक करत नाही. दुसरी, दोन्ही वेळा ३८ टक्के. कोरी डीव्हीडी खराब असती किंवा रायटरची लेन्स दमली असती, तर एकदा १२ वर अडकली असती, एकदा ७० वर. वेगवेगळ्या डीव्हीडी बरोबर त्याच टक्क्यावर अडकतात तेव्हा दोष जिथून वाचतोय तिकडचा असण्याची शक्यता जास्त. कंपनीने लॅपटॉप मूळ स्थितीत आणायची सगळी सामग्री त्याच हार्ड डिस्कच्या एका लपवलेल्या भागात ठेवलेली असते. रिकव्हरी डिस्क तिथूनच बनते. तो भाग वाचता येत नसेल तर दुकानातल्या सगळ्या डीव्हीडी आणल्या तरी तिसरी पूर्ण होणार नाही.

आता हळू का होतो ते. हार्ड डिस्कमधला एखादा कप्पा वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही, तोच कप्पा पुन्हा पुन्हा वाचून बघते. तेवढा वेळ विंडोज हात जोडून उभं राहतं. तुम्हाला फिरणारं चक्र दिसतं ते हेच. सुरू होताना विंडोज हजारो छोट्या फाइल्स उचलतं, त्यातल्या दहा-वीस अशा कप्प्यांत असल्या तरी मिनिटं जातात. डिफ्रॅगने तर दीड तास सगळ्या फाइल्स इकडून तिकडे हलवल्या. आजारी माणसाला सामान उचलायला लावण्यातला प्रकार झाला तो.

चेक डिस्क आर स्विचने पूर्ण पृष्ठभाग तपासते. निरोगी डिस्कला त्याने काही होत नाही, पण मरायला टेकलेली डिस्क त्याच रात्री जाऊ शकते. तपासणी नंतर. आधी फाइल्स बाहेर काढा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, येत नाहीत. हा गैरसमज मी दर महिन्याला ऐकते, म्हणून स्पष्ट लिहिते. कंपनीची रिकव्हरी डिस्क लॅपटॉपला खरेदीच्या दिवसासारखा करते. तुमच्या बाबतीत विंडोज ८ परत येईल आणि त्यानंतरचं सगळं जाईल. ८.१ ला जानेवारी २०२३ पासून सुरक्षा अपडेटही नाहीत. तुमच्या फाइल्स वाचवायच्या म्हणजे त्या हाताने दुसरीकडे न्यायच्या.

म्हणून आज हे करा. एक नवा पेनड्राइव्ह घ्या, मार्चचा नको, तो तसाच राहू द्या. लॅपटॉप चार्जरवर लावा. बारा वर्षांची बॅटरी धरत नसेल, तर वीज गेली की तिथेच बंद पडेल, म्हणून दिवे लुकलुकत नसतील अशी वेळ बघा. इंटरनेट बंद ठेवा म्हणजे अपडेट सुरू होणार नाही. आणि महत्त्वाच्या क्रमाने कॉपी करा. आधी आय आणि जे नोंदवही, मग इतिवृत्तं, मग हिशोब, मग स्कॅन. कट करू नका, कॉपीच. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडा, नाव कागदावर लिहा, पुढे जा. हट्ट धरून तीच फाइल वाचत बसाल तर उरलेल्या शंभर गमवाल.

कॉपी झाल्यावरच डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात ०५ आणि सी५ या दोन ओळींचे आकडे इथे लिहा.

---

ऐरोली_डिप्लोमा | रविवार, सकाळी ११.३०

ताई, बरोबर आहे तुमचं. टक् टक् आवाजाकडे माझं लक्षच गेलं नाही. काका, चेक डिस्कचं मी लिहिलेलं करू नका, माफ करा.

कॉपीसाठी कुणी रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड) सुचवली तर एक सांभाळा. ती अडलेल्या फाइलसाठी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबते. आर आणि डब्ल्यू हे दोन्ही स्विच १ वर आणल्याशिवाय खराब डिस्कवर वापरू नये. साधं कॉपी-पेस्ट आणि 'स्किप' तुमच्यासाठी सोपं पडेल.

---

अक्षरजुळणी_ठाणे | रविवार, दुपारी ३.५०

सेक्रेटरी साहेब, एक विचारू? २००९ ची इतिवृत्तं कुठल्या फॉन्टमध्ये आहेत?

मी घंटाळीजवळ डीटीपीचं काम करतो. त्या काळात सोसायट्यांचं टायपिंग श्रीलिपी नाहीतर आयएसएमवर व्हायचं. तुम्ही फाइल्स पेनड्राइव्हवर न्याल, नव्या विंडोजवर उघडाल आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं दिसतील. फाइल बिघडलेली नसते. त्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांच्यावर चित्र मराठीचं काढलेलं असतं. फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये तसं नसतं, तिथे 'क' हा 'क' म्हणूनच साठतो, फॉन्ट कुठलाही असो.

फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. फॉरमॅटमध्ये तो सगळ्यात आधी जातो आणि बॅकअप घेताना तो कुणाच्याच लक्षात येत नाही. वर्डमध्ये जुनी फाइल उघडून मजकुरावर क्लिक करा, वर फॉन्टचं नाव दिसेल. डीव्ही-टीटी सुरेख, डीव्ही-टीटी योगेश असलं काही दिसलं किंवा श्री या अक्षरांनी सुरू होणारं नाव दिसलं तर त्या फॉन्टच्या फाइल्स तेवढ्या पेनड्राइव्हवर घ्या. शक्य असेल तर महत्त्वाची इतिवृत्तं आत्ताच, त्याच लॅपटॉपवर, पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, पुढे कुठेही वाचता येतं.

माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आजोबांच्या आठवणींच्या फाइल्स घेऊन आले होते, ३०० पानं. फॉन्ट नव्हता. कुठला फॉन्ट होता ते ओळखण्यातच चार दिवस गेले.

---

कोपरखैरणे_गृहिणी | रविवार, रात्री ९.२०

मी तांत्रिक काही सांगू शकत नाही, फक्त झालेलं सांगते. २०१५ मध्ये आमचा लॅपटॉप असाच अडकायला लागला. मिस्टरांनी सुरू होताना रिकव्हरीचं बटण दाबलं आणि 'सी ड्राइव्हच जाईल, फोटो डी मध्ये आहेत' असं म्हणाले. त्या प्रोग्रामने पूर्ण डिस्क पुसली, सी नाही की डी नाही. मुलीच्या बारशापासून पहिलीपर्यंतचे फोटो होते. आता नातेवाइकांकडून मागून मागून साठ-सत्तर जमवलेत. काका, ताई सांगतात तसंच करा. आधी कॉपी.

---

सेक्रेटरी_नेरुळ | सोमवार, ११ ऑगस्ट, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारीच वाशीहून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आणला आणि संध्याकाळी पाचपासून रात्री एकपर्यंत बसलो. नौपाड्याच्या ताईंनी दिलेल्या क्रमानेच गेलो. आय आणि जे नोंदवही नीट आली, हिशोब आला, स्कॅन आले. तीन फाइल्स अडकल्या. दोन जुनी पत्रं आहेत, ती चालतील. तिसरी २०१४ च्या इतिवृत्तांची. ती तीनदा सोडून शेवटी परत एकदा करून बघितली, नाही आली.

अक्षरजुळणीवाले साहेब, तुमचा अंदाज बरोबर निघाला. २०१२ पर्यंतची सगळी इतिवृत्तं डीव्ही-टीटी सुरेखमध्ये आहेत. तुम्ही लिहिलं नसतं तर फॉन्टकडे माझं लक्ष गेलंच नसतं. फॉन्ट घेतला आणि ४१ इतिवृत्तांचे पीडीएफही केले.

आज आकडे बघितले. १०० क्रमांकाच्या नोंदीत बूट ड्युरेशन ४,१२,०००. मेन पाथ ९६,००० आणि पोस्ट बूट ३,१६,०००. म्हणजे जवळजवळ सात मिनिटं, त्यातली पाच डेस्कटॉप दिसल्यानंतरची. स्टार्टअपच्या यादीत १९ नावं होती. दोन अँटिव्हायरस सापडले, एक लॅपटॉपबरोबर आलेला मुदत संपलेला आणि एक आम्ही विकत घेतलेला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा रंग आणि 'कॉशन'. ०५ च्या ओळीत शेवटी ९० आणि सी५ च्या ओळीत १८. हे फार आहे का?

---

नौपाडा_रिपेअर | सोमवार, रात्री ११.२५

फाइल्स आल्या हे वाचून खरंच बरं वाटलं.

तो प्रोग्राम शेवटच्या रकान्यात षोडशमान पद्धतीने (दहाऐवजी सोळाच्या पटीत) आकडे दाखवतो, म्हणून ते दिसतात त्यापेक्षा मोठे आहेत. तुमचे ९० म्हणजे आपले १४४, आणि १८ म्हणजे २४. ०५ ची ओळ सांगते की १४४ कप्पे आधीच निकामी झाले आणि डिस्कने राखीव जागेतले कप्पे त्यांच्या जागी लावले. सी५ ची ओळ सांगते की आणखी २४ कप्पे वाचता येत नाहीयेत आणि निर्णय बाकी आहे. ही डिस्क आता कामाची नाही. फॉरमॅट केली असती तर आठ-पंधरा दिवस बरी वाटली असती आणि ऐन एजीएमला गेली असती.

रिकव्हरी डिस्कचा विचार सोडून द्या. दोन झालेल्या डीव्हीडींचा तिसरीशिवाय काही उपयोग नाही. झाल्या असत्या तरी त्या विंडोज ८ च्या आहेत. तुम्हाला हवंय ते विंडोज १० आणि त्याला डीव्हीडीची गरज नाही. ८ जीबीचा किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा मीडिया क्रिएशन टूल चालवा, त्यावर विंडोज १० उतरेल. दुसऱ्याच कॉम्प्युटरवर करा, या लॅपटॉपवर आता लिहिणं-वाचणं नको.

लायसन्सची काळजी करू नका. २०१६ मध्ये अपग्रेड झालं तेव्हा तुमच्या मदरबोर्डची नोंद मायक्रोसॉफ्टकडे झाली आहे. डिस्क बदलली तरी ती राहते. इन्स्टॉल करताना 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' निवडायचं, आधी होम होतं तर होमच घ्यायचं. इंटरनेट लागलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

नवी डिस्क एसएसडी घ्या, २.५ इंची साटा. ७ मिलिमीटर जाडीची येते. तुमच्या काळातल्या काही लॅपटॉपमध्ये खाच साडेनऊची असते, तेव्हा पातळ चौकट लावून बसवतात. एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, काटा नाही. जुन्या डिस्कला एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, हिला दशांश मिलिसेकंदाच्या आसपास. सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स उचलायच्या असतात, म्हणून फरक तिथे सगळ्यात जास्त जाणवतो. रॅम ८ करता आली तर करा. घ्यायच्या आधी लॅपटॉपला डीडीआर३ लागते की कमी व्होल्टेजची डीडीआर३एल ते उघडून बघा. जुन्या डिस्कचं क्लोन (जशीच्या तशी नक्कल) मात्र करू नका. खराब कप्प्यांवर अडकेल, आणि बिघडलेल्या फाइल्स तशाच नव्या डिस्कवर येतील.

सगळं बसल्यावर, चांगल्या डिस्कवर, दोन गोष्टी बनवा. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर 'रिकव्हरी ड्राइव्ह'. ते बनवताना सिस्टिम फाइल्सचा बॅकअप घेण्याच्या चौकोनात खूण राहू द्या, नाहीतर फक्त दुरुस्तीची हत्यारं येतात, विंडोज येत नाही. त्या पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर 'सिस्टिम इमेज'. ती कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)' नावाखाली आहे. रिकव्हरी ड्राइव्हने कोरं विंडोज मिळतं. इमेजमध्ये प्रिंटर, एक्सेल, फॉन्ट, सगळं जसं होतं तसं परत येतं. बनवल्यावर एकदा त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून बघा. पहिला मेन्यू दिसला की थांबा, बंद करा. सुरू होतो की नाही एवढंच बघायचं असतं.

एक गोष्ट कमिटीला आत्ताच सांगून ठेवा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबतात. नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, २०१३ च्या लॅपटॉपमध्ये ते नाही. तेव्हा हा खर्च वर्षभरासाठी आहे असं समजून करा आणि पुढच्या अंदाजपत्रकात नव्या लॅपटॉपची तरतूद ठेवा.

---

ऐरोली_डिप्लोमा | मंगळवार, १२ ऑगस्ट, सकाळी ८.००

काका, नव्या विंडोजवर एकच अँटिव्हायरस ठेवा. दोन असले की एकच फाइल दोघंही तपासतात. तुमच्या पोस्ट बूटच्या पाच मिनिटांत त्याचाही वाटा असणार. पेनड्राइव्ह बनवायला कॉम्प्युटर नसेल तर मी ऐरोलीत आहे, नेरुळला येतो.

---

सेक्रेटरी_नेरुळ | रविवार, २४ ऑगस्ट, सायंकाळी ६.३०

काम झालं, ते कळवतो.

कमिटीची तातडीची सभा घेतली, खर्च मंजूर करून घेतला. गेल्या बुधवारी लॅपटॉप पिशवीत घालून ट्रान्सहार्बरने ठाण्याला गेलो. ताईंनी माझ्यासमोरच डिस्क बदलली, रॅम ८ केली. एसएसडी, रॅम, मजुरी धरून ४,९०० रुपये. जुनी डिस्क काढून माझ्या हातात दिली. विंडोजचा पेनड्राइव्ह ऐरोलीच्या मुलाने आधीच बनवून दिला होता. घरी येऊन शेजारी बसून करून दिलं, प्रत्येक पायरी मला वहीत लिहायला लावली. चहाशिवाय काही घेतलं नाही. लायसन्स इंटरनेट जोडल्यावर दोन मिनिटांत आपोआप लागलं.

आज सकाळी मोजलं. बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत ३४ सेकंद. १०० क्रमांकाची नोंद २६,००० दाखवते. स्टार्टअपच्या यादीत आता चारच नावं आहेत आणि ती चारही मला माहीत आहेत. फॉन्ट परत घातला, २००९ चं पहिलं इतिवृत्त उघडलं, मराठीत दिसलं. त्या सभेला असलेले आमचे तीन सभासद आता नाहीत. त्यांची नावं नीट वाचता आली.

रिकव्हरी ड्राइव्ह शनिवारी बनवला, पाऊण तास लागला. त्यावरून लॅपटॉप सुरू करून बघितला, मेन्यू आला, बंद केला. सिस्टिम इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतली. फाइल्सच्या आता तीन प्रती आहेत. लॅपटॉपवर, खजिनदारांच्या घरी आणि सोसायटीच्या कपाटात. दर महिन्याच्या पाच तारखेला, बिलं निघाली की, कॉपी घ्यायची असं कमिटीत ठरवून इतिवृत्तात लिहून घेतलं. उद्या मी सेक्रेटरी नसलो तरी ते चालू राहावं, म्हणून.

२०१४ ची इतिवृत्तं संगणकावरून गेली ती गेली. पण हस्तलिखित वही आहे. गणपती झाले की रोज दोन पानं, अशी मी स्वतः युनिकोडमध्ये टाइप करणार आहे.

एक राहिलं. जुन्या डिस्कचं काय करू? तिच्यावर ६४ कुटुंबांचे कागद आहेत, काहींच्या पॅन कार्डच्या प्रतीसुद्धा. भंगारवाल्याला द्यायचं मन होत नाही.

---

नौपाडा_रिपेअर | रविवार, रात्री ८.४५

भंगारात मुळीच देऊ नका. सॉफ्टवेअरने पुसायलाही जाऊ नका. निकामी ठरवलेल्या त्या १४४ कप्प्यांपर्यंत पुसणं पोचत नाही, जुना मजकूर तिथे राहू शकतो. ऑडिट होईपर्यंत पाकिटात बंद करून कपाटात ठेवा, वर 'खराब, वापरू नये' असं लिहा. ऑडिट झालं की माझ्याकडे घेऊन या. तुमच्यासमोर उघडून तबकड्या फोडू. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बऱ्याचदा काचेच्या असतात, म्हणून घरी हातोडी मारू नका, डोळ्यात तुकडा जाईल. उरलेलं धातूचं ई-कचऱ्यात देऊ.

येताना २०१४ च्या इतिवृत्तांची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये होती ते लिहून आणा. फोडायच्या आधी डिस्क माझ्याकडच्या लिनक्सच्या मशीनला लावून एक प्रयत्न करून बघते. तिथे वाचता येणारा भाग आधी उचलून अडलेल्या कप्प्यांकडे शेवटी परत जाता येतं. मिळेल असं वचन देत नाही, पण तोपर्यंत टायपिंग २०१४ च्या जानेवारीऐवजी डिसेंबरकडून सुरू करा. शब्दप्रक्रियेच्या फाइलचा सुरुवातीचा भाग मिळाला तर तेवढी पानं वाचतील.

---

सेक्रेटरी_नेरुळ | रविवार, रात्री ९.०५

डिसेंबरकडून सुरू करतो. डिस्क पाकिटात घातली, तारीख टाकली, खजिनदारांची आणि माझी सही केली. ऑडिटर १२ सप्टेंबरला येणार आहेत. १३ ला शनिवार आहे, दुकान उघडं असेल तर सकाळच्या लोकलने येतो.